आग्रह करणारं अ‍ॅप

"डेव्हलपर म्हणजे काय हो, नवऱ्यासारखेच! एकदा नीट समजावून सांगितलं की झालं!" असं यामिनी नेदरलँड्समधल्या अख्ख्या अ‍ॅमस्टेलव्हीन गावाला सांगत फिरायची. बाई नुकत्याच प्रॉडक्ट ओनर, म्हणजे अ‍ॅपमध्ये काय हवं ते ठरवणाऱ्या, झाल्या होत्या. ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवण मागवायचं अ‍ॅप डायरेक्टरला आवडलं, तर नोकरी पक्की. नाहीतर सामान बांधा आणि चला पुण्याला!

अ‍ॅप लिहिणारा योस्ट म्हणजे ताडमाड डच गडी. बोलणं मोजकं, काम चोख.

"यात मायाच नाही रे!" यामिनी त्याला म्हणाली. "माणूस नको म्हणाला की लगेच गप्प? आमच्याकडे आग्रह करतात!"

"किती वेळा?"

"आग्रह काय मोजून करतात? तो लाजून नको म्हणतो, आपण वाढायचं!"

"मग थांबायचं कधी?"

"त्याने ताटावर हात आडवा धरला की!" यामिनी खळखळून हसली. योस्ट हसला नाही. त्याने ते लिहून घेतलं. बाईंनी तिथेच सावध व्हायला हवं होतं!

डेमोला डायरेक्टर मारलीसने टॅबलेटवर वाटाण्याचं एक सूप मागवलं.

"अजून थोडं?" अ‍ॅपने विचारलं. तिने 'नको' दाबलं.

"असं कसं? घ्याच!" एकाची दोन सुपं झाली. पुन्हा 'नको'. चार! पुन्हा 'नको'. आठ!

"मी नको म्हणतेय!" मारलीस टोमॅटोसारखी लाल झाली.

"लाजू नका!" सोळा!

"योस्ट, बंद कर ते!" यामिनीला घाम फुटला. "ही नुसती चाचणी आहे ना?"

"तूच म्हणालीस, डेमो खराखुरा हवा. थेट स्वयंपाकघराला जोडलंय."

गेली नोकरी! हताश होऊन यामिनीने टॅबलेटवर हात आडवा धरला. आणि काय आश्चर्य! अ‍ॅप गप्प.

"कॅमेरा हात ओळखतो," योस्ट अभिमानाने म्हणाला. "फार अवघड होतं ते."

तेवढ्यात सुपाच्या ढकलगाड्या आत आल्या. मारलीसने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा यामिनीच्या हाताकडे, आणि पोट धरून हसत सुटली. "नोकरी पक्की! पण आग्रह काढायचा, आणि हे सूप तू घरी न्यायचं!"

नोकरी राहिली, या आनंदात यामिनी आठवडाभर घरी सूपच वाढत होती.

"थोडं घे ना रे!"

"नको!" तिचा नवरा पुष्कर कळवळला.

"लाजतोस काय?"

पुष्करने वाडग्यावर दोन्ही हात आडवे धरले. अ‍ॅप इथे थांबलं असतं. यामिनी त्याच्या बोटांच्या फटीतून ओतून मोकळी झाली!