शिरपूरला निघालेलं मशीन

लोटनची बायको कुंदाबाई गेल्याचा फोन भुसावळच्या दवाखान्यातून आला, त्या दिवशी त्याचा जुना पेट्रोलचा छोटा ट्रक पहिल्याच चावीला सुरू झाला होता. तेव्हा घाई करून काही उपयोग नव्हता. आता खरोखरची घाई होती, तर तो दर दहा-बारा किलोमीटरवर बंद पडत होता.

घाई कुंदाबाईच्या शिलाई मशीनची होती. ते मोहिनीला द्या, एवढंच ती शेवटी बोलली होती. मोहिनी म्हणजे त्यांची शिरपूरला दिलेली लेक. दिवाळीचे पंधरा ब्लाउज शिवायला घेऊन ती वाट पाहत होती. लोटनने मशीन ट्रकवर बांधलं. सुईत कुंदाबाईने ओवलेला निळा दोरा तसाच ठेवला. मेव्हणा योगराजला शेजारी बसवून त्याने यावल सोडलं.

किनगावला ट्रक आचके देत थांबला. योगराजने टाकीचं झाकण काढलं, काडी बुडवून पेट्रोल पाहिलं आणि नळीत तोंडाने फुंकर मारली. ट्रक सुरू झाला.

"नळीच तुंबली होती, दाजी," तो म्हणाला आणि पुढे आपल्या फुंकरीचं वर्णन करत राहिला. अडावदला ते वर्णन आणि ट्रक एकदमच थांबले.

तिथल्या उखर्डू मिस्तरीनेही आधी झाकण काढून काडी बुडवली. मग कार्बोरेटर खोलून सगळा कचरा काढला. "कचरा बठ्ठा यामा व्हता, भाऊ." ट्रक सुरू झाला. चोपडा दिसू लागलं तोच पुन्हा बंद. उखर्डू मोटारसायकलवर मागोमाग आला, काडी बुडवली, पंप बदलला. ट्रक सुरू झाला. चोपड्यातून बाहेर पडताच परत बंद. योगराजच्या मते अजून एक फुंकर पुरली असती. उखर्डू मागे होताच; त्या दोघांची जुंपली. लोटनने चाकाला लाथ मारली आणि स्वतःचाच अंगठा धरून बसला.

तेवढ्यात मोहिनीचा फोन आला, लोटनने तो स्पीकरवर टाकला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आबा, दसऱ्याले गाडीची पूजा कोणी केली?"

"मीच. तुही आई करे तशी. बोनेटवर, चाकांवर, टाकीच्या झाकणावर. शेंदूर तेलात कालवून, चांगला जाड."

"झाकणाच्या भोकावर?"

"बरोब्बर मधोमध."

"आई कडेले लावे, आबा. त्या भोकातून टाकीत हवा जाते. हवा नाही त पेट्रोल उतरत नाही. तुम्ही दरवेळी झाकण काढलं, म्हणून चालली ती."

लोटनने उखर्डूकडे पाहिलं, उखर्डूने योगराजकडे. योगराजने काडी हळूच मागे टाकली.

सेफ्टीपिनने शेंदूर टोकरला आणि ट्रक असा पळाला की शिरपूर चार किलोमीटरवर आलं. तिथे लोटनने स्वतःच ब्रेक मारला. मागे वळून मशीनच्या सुईतल्या कुंदाबाईच्या निळ्या दोऱ्याकडे पाहत बसला. पुन्हा फोन वाजला.

"परत बंद पडली," लोटन म्हणाला.

"इंजिनाचा आवाज येऊ राहिला, आबा."

लोटनने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"ब्लाउज शेजारणीच्या मशीनवर शिवते मी," मोहिनी म्हणाली. "तुम्ही जेवायले तरी या."

मोहिनीकडे जेवून लोटन आणि योगराज यावलला परतले. ट्रक वाटेत एकदाही थांबला नाही. मशीन द्यायचं राहिलं आहे.