कानकोंडे नाना

सेलूत लग्न कुणाचंही असो, आमच्या शेजारचे नाना जेवायला बसतात ते सगळ्यांत शेवटी, आचाऱ्यांबरोबर. पुढच्या पंगतीत ओढलं तर म्हणतात, "राहू द्या सर, लय कानकोंडं व्हतंय."

कुणी वाकून नमस्कार करो, फोटोवाला जरा हसा म्हणो, नाना कानकोंडे. कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झाले तेव्हा सत्काराची शाल मीच जाऊन आणली. उत्सवमूर्ती घरी लसूण सोलत बसलेली. लग्न केलं नाही, बहीण ना भाऊ. सगळ्या गल्लीचे ते नानाच.

मी मराठीचा मास्तर. कानकोंडे होणे म्हणजे चारचौघांत अवघडून जाणे, हे मी पोरांकडून घोकून घेतलं, वाक्यात उपयोगही करवून घेतला. माझा स्वतःचा उपयोग पोटच्या पोरीच्या, रेणूच्या लग्नात झाला.

बायकोला सख्खा भाऊ नाही. तिचा जिंतूरचा चुलतभाऊ मामा म्हणून उभा राहणार होता. पण अक्षत घेऊन त्याच्या दारी जायचं सोडून मी पत्रिका मोबाइलवर पाठवली. केवढी माझी अक्कल! तो रुसून घरीच बसला. नानांना विचारावं असं मनात आलं होतं, पण त्यांना उगीच अवघडायला होईल म्हणून मी गप्प राहिलो.

मांडवात अक्षता वाटून झाल्या. माईकवर पुकारा झाला, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या." कुणी हललं नाही. पुन्हा पुकारा झाला. व्याही माझ्याकडं बघायला लागले. मी सदऱ्याच्या गुंड्या चाचपत राहिलो. तिकडं खोलीच्या दारात रेणू हार घेऊन एकटीच उभी, डोळे भरलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आचाऱ्याच्या भट्टीकडून नाना आले. बेसनाचे हात धोतराला पुसले, इकडंतिकडं न बघता रेणूचा दंड धरला आणि म्हणाले, "चल माय." भरल्या मांडवातून तिला घेऊन आले. शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत तिच्या पाठीशी ताठ उभे राहिले. समोर फोटोवाला होता, तरी हलले नाहीत.

निघताना रेणू त्यांच्या पाया पडली. "येते मामा," म्हणाली.

गाडी सुटायच्या आत नाना खिडकीशी वाकले.

"आनखी एकदा म्हण की, बाई."