शंभर पावलं

बारापात्रे सरांनी मला फसवलं. सलग सात उन्हाळे फसवलं, आणि दरवेळी चेहरा सरळ ठेवून फसवलं. मी चिखल्याच्या खाण कामगारांच्या वस्तीत सायकलवर कांदे विकत फिरलेला माणूस आहे. आज दारात तीन गाड्या उभ्या आहेत, त्या मला कोणी आंदण दिलेल्या नाहीत. सौद्यात मला गंडवून कोणी गेला नाही. गेले ते एकटे हे सर.

सर एका विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायचे. दर मे महिन्यात पंधरा-सोळा मुलंमुली घेऊन आठ दिवस आमच्या भागात कॅम्पला यायचे. मुक्काम सुटी लागलेल्या शाळेत, गाडी माझी. पहाटे निघायचं, टेकडीवर दगड फोडायचे, मोजमाप वहीत उतरवायचं आणि अकराच्या ठोक्याला सगळ्यांनी गाडीपाशी हजर व्हायचं. अकरानंतर आमच्याकडचं ऊन माणूस ओळखत नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी एक काळा दगड उचलला, फोडला आणि जिभेने चाटला.

मी म्हटलं, "सर, नाश्ता भेटला नाही का?"

"ओला केला की कण स्पष्ट दिसतात, रूपचंदभाऊ. घ्या, तुम्ही बघा."

मी चाटला नाही. पण ते पुढच्या दगडाकडे वळल्यावर गुपचूप थुंकी लावून पाहिला. खरंच दिसत होते.

माणूस विलक्षण घाबरट. खांद्यावर ओला दुपट्टा, खिशात मीठ-साखरेच्या पुड्या, आणि दर अर्ध्या तासाला एकच फेरी. प्रत्येक मुलाची पाण्याची बाटली हिसकावून घ्यायचे, कानाशी नेऊन हलवायचे, नारळ पारखावा तसे. "अर्धीच वाजते. पी. माझ्यासमोर पी." मुलं मागे नकला करायची. माझीही बाटली हलवायचे. मी चिडायचो, "मी का तुमचा विद्यार्थी आहो?" ते ऐकल्या न ऐकल्यासारखं करून पुढे जायचे.

त्या पहिल्या दिवशी मी हट्टाने गाडी थेट दगडापाशी नेली होती. नव्या गाडीला पोरांच्या हातोड्या लागतील म्हणून बॉनेटशी उन्हात पहारा देत उभा होतो. तिथे मला जरा डोळ्यांपुढे अंधारल्यासारखं झालं. लोक म्हणतात मी पडलो. मी पडलो नव्हतो, बसलो होतो. जरा घाईने बसलो इतकंच. डोळे उघडले तेव्हा डोकं सरांच्या मांडीवर होतं आणि तोंडात मिठाचं पाणी. मी उठलो, कपडे झटकले, आणि सगळ्यांना बजावलं की ही गोष्ट पुन्हा काढायची नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी नवा नियम काढला. "रूपचंदभाऊ, गाडी शंभर पावलं लांब. तुमची गाडी लोखंडाची, माझ्या होकायंत्राची सुई तिच्याकडे ओढली जाते. मुलांचे सगळे आकडे चुकतात."

"शंभर कायले? चाळीस."

"शंभर."

"साठ घ्या. तुमचंही राहिलं, माझंही राहिलं."

"शंभर. आणि गाडी सोडून इकडे यायचं नाही. तुमच्या खिशात किल्ल्या असतात."

"ऐंशी, सर. शेवटचं."

"सुई खोटं बोलत नाही, रूपचंदभाऊ."

हे त्यांचं पालुपद. आयुष्यात मी हरलेली ती पहिली घासाघीस. बरं, गाडी कुठे उभी करायची हेही तेच बोटाने दाखवणार. "त्या मोहाखाली." "त्या कुसुमाच्या झाडापलीकडे." दरवर्षी ते मुलांच्या दोन दिवस आधी एसटीने यायचे आणि एकटेच टेकड्या पालथ्या घालायचे. मी एकदोनदा लांबून पाहिलं. दगडांचा एवढा मोठा जाणकार, आणि मान वर करून झाडं बघत फिरत होता. घड्याळ बघायचा, झाड बघायचा, वहीत काही लिहायचा. मी मनात म्हटलं, ऊन डोक्यात गेलं याच्या.

असे सात उन्हाळे गेले. मी शंभर पावलांवर बसून मुलांच्या हातोड्यांची टकटक ऐकत राहायचो आणि आतून जळत राहायचो. माझी गाडी काय महारोगी आहे?

गेल्या मे महिन्यात, कॅम्पच्या पाचव्या दिवशी, अकरा वाजले. मुलं एकेक करून मोहाखाली आली. मी मोजली. सगळी होती. सर नव्हते.

"मागूनच येतो म्हणाले, काका," पल्लवी नावाची एक मुलगी म्हणाली. "शेवटचं एक मोजमाप घेतो म्हणाले."

अकरा वाजून दहा मिनिटं. मी हॉर्न वाजवला. टेकडीवरून उत्तर नाही. वीस मिनिटं. मुलं उठून टेकडीकडे बघायला लागली. हा माणूस सात वर्षांत अकराला एक मिनिट चुकला नव्हता. मला काळजी वाटली आणि ती वाटली म्हणून रागही आला.

"बस गाडीत," मी पल्लवीला म्हटलं. "रस्ता दाखव."

"पण शंभर पावलं..."

"गेली खड्ड्यात शंभर पावलं!"

गाडी झुडपं मोडत दगडापर्यंत नेली. सर काळ्या खडकाला टेकून बसले होते. चेहरा लालभडक, अंगाला घामाचा थेंब नाही, हातात होकायंत्र. मला पाहून त्यांचे ओठ हलले. वाकून ऐकलं.

"गाडी मागे घ्या."

मी त्यांची बाटली उचलली आणि कानाशी नेऊन हलवली. काहीच वाजलं नाही. सात वर्षं हा माणूस सगळ्यांच्या बाटल्या हलवत फिरला. त्याची बाटली कोणी हलवली नव्हती. मीही नाही.

पल्लवी रडायला लागली. "माझी सांडली होती न काका. सरांनी त्यांची सगळी मला ओतून दिली. माझ्याजवळ दुसरी आहे म्हणाले."

दोघांनी मिळून त्यांना सीटवर आडवं केलं, कॅनमधलं पाणी डोक्यावर ओतलं, दुपट्टा ओला करून गळ्याशी गुंडाळला आणि मोहाखाली आणलं. तिथून मुलांना घेऊन सरळ दवाखान्यात न्यायचं होतं. मुलं पंख्यासारख्या वह्या हलवत होती. मी घोट-घोट पाणी पाजत होतो आणि बडबडत होतो, "अजून ठेवा गाडी शंभर पावलं दूर. सुईसाठी जीव द्या."

"शंभर कशाला, काका?" पल्लवी नाक पुसत म्हणाली. "वीस पावलं बक्कळ होतात. पहिल्याच तासाला शिकवलं होतं सरांनी."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या मांडीवर सरांची वही उघडी होती. टेकडीचा नकाशा, खडकांच्या रेघा, आकडे. आणि प्रत्येक ठिकाणाजवळ एक लहानसं गोल झाड काढलेलं. खाली बारीक अक्षरात: 'मोह. सावली साडेअकरापर्यंत. रूपचंद.' दुसऱ्या पानावर: 'कुसुम. सावली दाट, दगडापासून दूर आहे. रूपचंद.' तिसऱ्या पानावरही मी होतो. सगळ्या पानांवर होतो.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही मले फसवलं."

त्यांनी डोळे उघडले. "पहिल्या वर्षी तुम्ही पडलात..."

"बसलो होतो."

"बरं, बसलात. सावलीत बसा म्हटलं असतं, तर ऐकलं असतं?"

"नाही जी."

"मग? सुई खोटं बोलत नाही. म्हणून मला बोलावं लागलं."

दवाखान्यात दोन बाटल्या सलाईन गेलं आणि तिसऱ्या दिवशी सर बसवर चढले. चढायच्या आधी त्यांनी माझी बाटली कानाशी नेऊन हलवली. पुढच्या वर्षाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बस गेल्यावर पल्लवीचा फोन आला: हा त्यांचा शेवटचा कॅम्प होता, या महिन्यात ते निवृत्त होताहेत. घरी कोण आहे विचारलं, तर म्हणाली, "कोणी नाही काका. एकटेच राहतात."

म्हणजे जाताजाताही फसवलं.

मी उभ्या आयुष्यात कोणाचं फुकट घेतलेलं नाही. आणि या माणसाने मला सात उन्हाळे सावली दिली, मला कळूही न देता, वरून नियम म्हणून दिली. याला काय व्यवहार म्हणायचा? यावर्षी नवे सर आले. तरुण आहेत. म्हणाले, "गाडी कुठेही लावा, काका." मी शंभर पावलं मोजली आणि मोहाखाली लावली.

बारापात्रे सर, हे वाचत असाल तर ऐका. कॅम्प असो नसो, मे महिन्यात गाडी त्याच मोहाखाली उभी राहील. तिथे या, सावलीत बसा, आणि माझ्या तोंडावर या फसवणुकीचा जाब द्या. येताना बाटली भरून आणा. मी कानाशी नेऊन हलवून पाहणार आहे.