अंतरपाटाच्या कोपऱ्यातली मुंगी

सुचित्राला ‘नाही’ म्हणता यायचं नाही, म्हणून ती नंबर द्यायची.

सानपाड्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी लिहिलं, ‘मोगऱ्याला कळ्या धरत नाहीत, चांगली नर्सरी सुचवा,’ की सुचित्राचा नंबर हजर. मुंजीची पत्रिका कोण डिझाइन करून देईल, उशीच्या अभ्र्यांवर कशिदा कोण काढील, सगळ्याला तिच्याकडे कुणीतरी होतं. त्यातल्या एकाचंही तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. एका ग्रुपवर आलेला नंबर ती दुसऱ्या ग्रुपवर पोचवायची आणि खाली न चुकता लिहायची, ‘खूप छान काम. निर्धास्त जा.’ ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर सातासमुद्रापलीकडच्या लोकांच्या तक्रारी निस्तरून आलेल्या बाईला याहून सोपी सुटका कुठे मिळणार?

अशाच एका मरगळलेल्या रविवारी कोपरखैरणे गावातून पुतळामावशी आल्या. लग्न झाल्यावर सुचित्रा आणि सुधीर आधी मावशींच्याच घरात भाड्यानं राहिले होते. मावशींची नात जागृती तेव्हाच जन्मली, आणि तिच्या बारशाचं झबलं सुचित्रानं आपल्या हातानं भरलं होतं.

“जागृतीचा लगीन ठरलाय,” मावशींनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. “अंतरपाट तुज्या हातचा पायजे. झबला तू भरलास, आता यो बी तूच भर. माजी येवरीच हाऊस हाय बग.”

सुचित्राची नजर बाल्कनीकडे गेली. तिची कशिद्याची लाकडी रिंग तिथे ग्रिलला बांधलेली होती. तिच्यावर सुधीरनं गोकर्णाचा वेल चढवला होता.

“मावशी, माझे डोळे आता कुठले हो! माझ्याहून शंभरपट बरी बाई आहे. मंजुषा म्हणून, ऐरोलीची. थांबा, नंबर देते.”

मावशींनी नंबर लिहून घेतला. मग म्हणाल्या, “तू सांगतेस तं बरीच आसंल.”

हे ‘बरीच आसंल’ सुचित्राला चांगलंच टोचलं. त्या टोचणीपायी तिनं आणखी दोन नंबर दिले. पाहुण्यांना तुळशीची रोपं वाटायची होती, त्यासाठी विलासची नर्सरी. पत्रिकेसाठी निशांत डिझायनर. मावशी गेल्या आणि सुचित्रा आडवी झाली.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा तिचा फोन वाजला.

“हॅलो ताई, मी निशांत, डिझायनर. एक अंतरपाट भरून पायजे, एकदम अर्जंट. रविवारचं लग्न आहे. कोणी आहे का तुमच्याकडे?”

“कोपरखैरण्याचं लग्न?” सुचित्रानं विचारलं.

“हां! तुम्हाला कसं कळलं?”

“अहो, ते काम मंजुषाकडे होतं ना?”

“होतं. पण त्या आता फक्त क्लास घेतात, काम नाय करत. त्यांनी गोजराताईंचं नाव सुचवलं.”

“या कोण?”

“नर्सरीवाल्या विलासदादांच्या मिसेस. त्यांचं निघालं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मग विलासदादांनी माझं नाव सुचवलं, कारण माझ्या ओळखीत मशीनवर भरतकाम करणारा एक जण होता. तो गेला गावी. म्हणून मी मंजुषाताईंनाच फोन लावला. त्या बोलल्या, सानपाड्याला एक ताई आहेत, त्यांना विचार. त्या कोणालाच ‘नाय’ म्हणत नाहीत.”

“आणि अंतरपाट?”

“कोराच आहे ना ताई! सगळ्यांकडे फिरून आला, टाका एक नाय पडला.”

सुचित्रानं फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत चाळली. सगळे तिच्याच जातकुळीचे होते. एकालाही ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. रविवारी मांडवात नवरा-नवरीच्या मध्ये पंचा धरलेला तिला दिसला, आणि त्या पंच्यामागे पुतळामावशींचा चेहरा.

“पाठव इकडे,” ती म्हणाली. “आहे एक बाई.”

कापड आलं. त्यासोबत आपलं डिझाइन घेऊन निशांतही आला. वर गणपती, मधे ‘जागृती’ आणि ‘तेजस’, खाली एक काळापांढरा चौकोन.

“हा क्यूआर कोड आहे ताई. पाहुण्यांनी स्कॅन केला की डायरेक्ट प्री-वेडिंगचा व्हिडिओ.”

“सुईनं काढू हा?”

“कठीण आहे का?”

सुचित्रा बाल्कनीत जाऊन रिंगवरचा वेल सोडवायला लागली.

“अगं, कळ्या धरल्यात त्याला!” सुधीर धावत आला. “रिंग काय, बाजारात मिळते.”

“कुठे मिळते? नंबर आहे कुणाचा?”

सुधीर वेलाला सुतळी शोधायला गेला.

तिनं डोळे आल्याचं कळवून ऑफिसातून रजा घेतली. पहिल्या दिवशी ते खोटं होतं. दोन-तीन दिवसांत डोळे असे लालबुंद झाले की सुधीर म्हणाला, “आता फोटो पाठव साहेबांना. तेवढंच पाप फिटेल.” मान आखडली, पाठ धरली, बोटांची चाळण झाली. वरणाला फोडणी सुधीरची आणि भात कधी कच्चा, कधी गिच्च. पण दुपारच्या उन्हात रेशमाचा दोरा सुईतून सरकन गेला, की आईची ओवी तिच्या ओठांवर आपोआप यायची.

‘सुई निघाली माहेरा, दोरा तिच्या मागं मागं,
फुलाफुलाच्या वाटेनं पाकळीला येई जाग.’

क्यूआर कोडाच्या जागी तिनं मावशींच्या अंगणातलं तुळशीवृंदावन भरलं. शेवटी कोपऱ्यात, सवयीनं, एक काळी मुंगी काढली. आई म्हणायची, भरलेल्या कापडावर एक तरी जीव राबताना दिसावा. या वेळी त्या मुंगीकडे बघून सुचित्राला तिची कीवच आली.

अंतरपाट नेताना निशांतनं विचारलं, “कोणी केला म्हणून सांगू?”

“मंजुषानं,” सुचित्रा म्हणाली. मावशींना एकदा दिलेला शब्द आता बदलायचा कुठल्या तोंडानं?

रविवारी मांडवात अंतरपाट धरला आणि बायका अक्षता टाकायच्या सोडून फोटो काढायला लागल्या. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या आत्यांचा स्वर चढला, ‘सावधान’ झालं, वाजंत्री वाजली, आणि गुरुजींनी अंतरपाट सर्रकन ओढून, बोळा करून काखेत मारला. दिवसरात्र मोडलेल्या पाठीचं चीज गुरुजींच्या घामात भिजताना सुचित्रा बघत राहिली.

पुतळामावशींनी मात्र तो काखेतून उपसून काढला. मांडीवर पसरून, हातानं सुरकुत्या मोडत त्या तो न्याहाळायला लागल्या. भोवती बायकांचा घोळका जमला.

“मावशी, कुणी भरलाय हो? नंबर द्या ना!”

“माझ्या भाचीचं लग्न आहे दिवाळीनंतर!”

“मला तर पडदेच करून घ्यायचेत, हॉलचे सगळे!”

मावशींनी सुचित्राकडे पाहिलं. “कोनी भरलाय गो?”

“त्या… मंजुषा. ऐरोलीच्या.”

“आसं.” मावशींचं बोट तुळशीवरून हळूहळू कोपऱ्यात आलं आणि मुंगीवर थांबलं. “जागृतीचे झबल्यावं बी आशीच मुंगी हाय. पेटीन ठेवलाय मी त्यो.”

सुचित्राच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला द्यायला एकही नंबर सुचला नाही. पडदेवालीनं तर फोन उघडून अंगठा तयार ठेवला होता.

“मावशी, नंबर?”

“ती बाई आता काम घेत नाय,” मावशी ठणकावून म्हणाल्या. “दमलेय ती. डोले बग कसे झाल्यान तिचे… आसतील.”

घोळका हळहळत जेवणाकडे पांगला. मावशींनी अंतरपाटाची नीट घडी घातली, पदराखाली घेतली आणि शेजारची खुर्ची सुचित्रासाठी ओढली. समोर विलासच्या नर्सरीतून आलेली तुळशीची रोपं पाहुण्यांच्या पिशव्यांत चालली होती. त्यातली निम्मी सब्ज्याची निघाली होती, हे मावशी नंतर सांगणार होत्या.

“एक इचारू?” मावशी म्हणाल्या. “उंद्या जागृतीला पोर झाला, तं त्याचा झबला…”

सुचित्राचा हात आपोआप पर्समधल्या फोनकडे गेला.

“एक बाई आहेत माझ्या माहितीतल्या,” ती पुटपुटली.

“मना बी म्हाईत हाय ती,” मावशी म्हणाल्या. “तवरं झोपूं दे तिला.”