सातवं कारण

"मेकॅनिक? मेकॅनिक कशाला लागतो?" असं म्हणून उस्तादांनी गाडीच्या टपावर अशी थाप मारली, की मागच्या सीटवर बसलेल्या सासूबाई दचकून ताठ झाल्या. "इंजिनाचं काहीही बिघडू दे, नुसत्या आवाजावरून सांगतो मी!"

उस्ताद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम ते गेली सव्वीस वर्षं करत होते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांवर लाल खुणा करायच्या, हाच धंदा. पण दोन महिन्यांपूर्वी त्यांनी 'आपली गाडी आपणच दुरुस्त करा' नावाचा सात रविवारांचा वर्ग केला, आणि तेव्हापासून बायको त्यांना उस्ताद म्हणायला लागली. ती चेष्टा करते आहे हे घरात सगळ्यांना कळलं होतं, एकट्या उस्तादांना सोडून.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाला प्लास्टिकचं आवरण चढवलेला एक भला मोठा तक्ता मिळाला होता. 'इंजिन का तापते? सात कारणे.' त्या तक्त्यावर उस्तादांचा भारी जीव! जेवतानासुद्धा तो समोर भिंतीला टेकवलेला असायचा. कारणं त्यांनी पाढ्यासारखी घोकली होती: पाणी, पंप, पट्टा, पंखा, झडप, झाकण... आणि सातवं. चार 'प' झाले, दोन 'झ' झाले, की सातव्याला गाडी अडायची. "तक्ता आहे की जवळ!" म्हणून त्यांनी कधी फिकीर केली नाही. आणि गेल्या रविवारपासून नेमका तक्ताच गायब! कपाटं उपसून झाली, पलंगाखाली वाकून झालं, सासूबाईंवर संशय घेऊन झाला. तक्ता नाही तो नाहीच.

आता आजच्या दिवसाचं महत्त्व सांगायलाच हवं. उस्तादांची बायको लहान मुलांच्या इस्पितळात परिचारिका. बावीस वर्षं तिला लोकांनी एकच प्रश्न विचारला होता, "डॉक्टर कुठे आहेत?" आणि आज पहिल्यांदाच तिचं म्हणणं कुणाला तरी ऐकायचं होतं. बरोबर अकरा वाजता रेडिओवर थेट कार्यक्रम, विषय 'डोकं थंड ठेवा'. तिने नऊ पानं लिहून काढली होती, पहाटे उठून आरशासमोर वाचली होती.

"अहो, अकरा म्हणजे अकरा," ती पुढच्या सीटवर बसत म्हणाली. "उशीर झाला तर ते गाणी लावून मोकळे होतील. मला काही पुन्हा बोलावणार नाहीत."

"पावणेअकराला तुला दारात उतरवतो!" उस्ताद म्हणाले.

गाडी आठवडाभर जागची हलली नव्हती, पण एका फटक्यात सुरू झाली. उस्तादांची छाती फुगली. वीस मिनिटं सगळं कसं झकास चाललं होतं. मग चढ लागला, आणि ताप दाखवणारा काटा निघाला वर. मधली रेघ ओलांडली, लाल पट्ट्याला टेकला, पुढे तांबडा दिवा लागला!

"अहो, दिवा!"

"दिसतोय, दिसतोय!" उस्तादांच्या आवाजात चक्क आनंद होता. दोन महिने ते या दिव्याची वाट पाहत होते. "घाबरू नका! पहिला उपचार, हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनातली उष्णता आत ओढून घ्यायची!"

हा उपचार खराच आहे, वर्गात शिकवलेला. फक्त उष्णता जिथे ओढली जाते तिथे सासूबाई बसल्या होत्या.

"जावईबापू," दोन मिनिटांनी मागून क्षीण आवाज आला, "गाडीचा ताप उतरवताय की मला चढवताय?"

शेवटी एका शिंप्याच्या दुकानासमोर गाडी उभी करावी लागली. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. उस्तादांनी बाह्या सरसावल्या, बॉनेट उघडलं आणि मोठ्याने पाढा सुरू केला.

"पाणी!" बाटलीतलं पाणी खुणेपर्यंत होतं. "पंप!" त्यांनी कान लावला. "गुणगुणतोय, तब्येत उत्तम! पट्टा!" घट्ट होता. "पंखा!" गरगरत होता. "झडप!" झडप इंजिनाच्या पोटात असते, दिसत नाही, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवण्यात आला. "झाकण!"

"खबरदार!" बायको ओरडली. "तापलेल्या झाकणाला हात लावायचा नाही. भाजलेले हात मी रोज बघते!"

उस्तादांनी हात मागे घेतला, इंजिन बंद केलं आणि झाकणाला वारा घालायला पुढच्या सीटवरून जे हाताला लागलं ते उचललं. दहाबारा झपाटे मारल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण 'डोकं थंड ठेवा'ची नऊ पानं हलवतोय. त्यांतली सहा पानं तेलात माखली होती आणि तीन वाऱ्यावर समोरच्या गटाराकडे निघाली होती.

बायकोने डोळे मिटून एक ते दहा मोजले. हे बहुधा भाषणातच होतं. मग तिने फोन काढला आणि भाड्याची गाडी मागवली.

"अगं, पाच मिनिटं दे! फक्त सातवं कारण आठवू दे!" उस्ताद कपाळावर बोटं आपटत म्हणाले. "पाणी, पंप, पट्टा, पंखा, झडप, झाकण... 'झ'च असणार पुढचा!"

आता शिंप्याला राहवेना. तो गळ्यात टेप घालून बाहेर आला. "झालर?"

"इंजिनाला झालर कुठली?"

"झटका!" पत्रं वाटता वाटता थांबलेला पोस्टमन म्हणाला.

"झुरळ!" पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी सुचवलं.

"झोप?" सासूबाई म्हणाल्या. बिचाऱ्यांना खरोखरच घेरी येत होती. शिंप्याने त्यांना दुकानातली खुर्ची आणून दिली. बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली आणि रस्ताभर 'झ' उडायला लागले. झारा, झांज, झबलं, झेंडा! एकाने झगडा म्हटलं आणि दुसऱ्याशी तो केलाही.

तेवढ्यात मागवलेली गाडी आली. आणि नेमकं त्याच क्षणी उस्तादांना आपल्या गाडीचा काटा दिसला. मधल्या रेघेच्या खाली!

"उतरला! ताप उतरला!" ते नाचायचेच बाकी राहिले. "वाऱ्याने काम केलं! अहो, तुम्ही जा! नाही लागणार गाडी!"

"अहो, थांबवा त्यांना!" बायको म्हणेपर्यंत भाड्याची गाडी वळून दिसेनाशी झाली होती. बंद उभं राहिलेलं इंजिन कुणाचंही थंड होतं, त्याला उस्ताद लागत नाहीत, हे सांगणारं माणूस त्या गर्दीत नव्हतं.

टाळ्यांच्या गजरात गाडी निघाली, घाईत सासूबाई शिंप्याच्या खुर्चीतच राहिल्या. पाचशे पावलं गेली असेल नसेल, की काटा पुन्हा लाल पट्ट्यात! या वेळी बॉनेटच्या फटींतून वाफसुद्धा यायला लागली. समोर एक टायरचं दुकान होतं. गाडी तिथेच कडेला लागली. मागून शिंपी, पोस्टमन आणि बाकीची मंडळी धावत आली. इतक्या रंगात आलेला खेळ कोण अर्धा सोडतो?

दहा वाजून चाळीस मिनिटं. बायको रस्त्याच्या कडेला उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलेलं उस्तादांनी पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचा पाढा थांबला. नऊ पानं आपण घालवली, भाड्याची गाडी आपण घालवली, आणि आता अकराही आपणच घालवणार! तिने आयुष्यात एकदाच काही मागितलं होतं, तेही फक्त वेळेवर पोहोचवायला. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

टायरच्या दुकानातून एक दणकट बाई हात पुसत आली. "काय झालं, काका?"

"सातवं कारण आठवत नाहीये हो," उस्ताद रडकुंडीला येऊन म्हणाले.

टायरवालीला काहीच कळलं नाही. त्यामुळे तिने कुणीच केली नव्हती ती गोष्ट केली. ती गाडीच्या समोर उकिडवी बसली आणि तिने पुढच्या जाळीतून आत बघितलं.

"काका, इथे आत काहीतरी लिहिलंय."

"इंजिनावर लिहिलेलं असतंच."

"मराठीत?" तिने मान तिरकी केली आणि जाळीच्या दोन पट्ट्यांमधून वाचलं. "'का तापते'!"

सगळा रस्ता जाळीसमोर वाकला.

टायरवालीने जाड मोजे चढवले, वरून हात खुपसला आणि करकर आवाज करत एक भला मोठा, वाकडातिकडा झालेला तक्ता रेडिएटरच्या पुढून उपसून काढला. उस्तादांच्या डोळ्यांसमोर गेला रविवार लख्ख उभा राहिला. दोन्ही हात तेलकट, म्हणून तक्ता समोर दिसेल असा जाळीच्या मागे उभा केलेला. मग सासूबाईंनी जेवायला हाक मारली आणि बॉनेट धाडकन बंद!

टायरवालीने बोटाने शेवटची ओळ पुसून मोठ्याने वाचली. "'सात. अडथळा. रेडिएटरसमोर कागद, पुठ्ठा अथवा पालापाचोळा अडकून हवा बंद झाली आहे का, ते पाहावे.'"

"अडथळा!" शिंपी हळहळला. "म्हणजे 'झ' नव्हताच!"

"उगाच संशय घेतला माझ्यावर," सासूबाई म्हणाल्या. त्या पोस्टमनच्या सायकलवर, खुर्चीसकट आल्या होत्या.

"अर्धा तास गाडीला हात लावू नका," टायरवाली म्हणाली. मग तिने बायकोकडे पाहिलं. "ताई, तुम्हाला कुठे जायचंय?"

"रेडिओ केंद्र. अकराला. पण माझी पानं..."

"पानं राहू द्या, बसा मागे!" टायरवालीने स्कूटरला किक मारली. बायकोने एका हाताने चप्पल सावरली, दुसऱ्याने तिचा खांदा धरला आणि दोघी सुसाट सुटल्या!

उस्तादांनी गाडीतला रेडिओ लावला. सगळी मंडळी भोवती दाटली. अकराला एक मिनिट कमी असताना बासरी वाजत होती. अकरा झाले. बासरी वाजतच होती. उस्तादांनी श्वास धरून ठेवला होता. आणि मग बासरी थांबली आणि धापा टाकणारा, पण ओळखीचा आवाज आला. "नमस्कार श्रोतेहो!"

काय ओरडा झाला! शिंप्याने पोस्टमनला मिठी मारली. उस्तादांना भरून आलं, त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मी नऊ पानं लिहून आणणार होते," बायको म्हणत होती, "पण ती वाटेत उडाली. म्हणून आज सकाळी घडलेलंच सांगते." आणि तिने सांगितलं! हीटरपासून झुरळापर्यंत सगळं! रेडिओतून हसणं, रस्त्यावर हसणं, गच्चीवरून हसणं. निवेदकाला शब्द फुटेना. अर्धा तास कसा गेला ते कळलं नाही.

"तर श्रोतेहो," शेवटी ती म्हणाली, "डोकं तापतं त्याचीही सात कारणं असतात. भूक, झोप, घाई वगैरे सहा मी नंतर कधीतरी सांगेन. सातवं तेवढं लक्षात ठेवा. कधी कधी मदतीला आलेलं माणूसच वाऱ्याच्या वाटेत उभं असतं. माणूस प्रेमाचं असतं, त्याला टाकून देऊ नका. फक्त 'जरा बाजूला व्हा' म्हणा."

सगळ्यांनी वळून उस्तादांकडे पाहिलं. ते लाजले, पण खुशही झाले. बायकोने अख्ख्या रेडिओवर त्यांना प्रेमाचं माणूस म्हटलं होतं! "चला सासूबाई, तिला आणायला जाऊ. इंजिन थंड झालंय!" त्यांनी रुबाबात किल्ली फिरवली.

खट्.

पुन्हा फिरवली. खट्. अर्धा तास रेडिओ, पंखा, धोक्याचे चारही दिवे आणि सासूबाईंना भाजणारा तो हीटर, असं सगळं चालू होतं. बॅटरीने मान टाकली होती.

"काळजी नको!" उस्ताद टुणकन खाली उतरले. "तक्त्याच्या मागच्या बाजूला 'गाडी सुरू का होत नाही?' दिलंय. पाच कारणं! पहिलं तर मला पाठच..."

शिंप्याने तक्ता त्यांच्या हातून अलगद काढून घेतला आणि सगळा रस्ता एका सुरात म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा!"