छानामाना

मुलाला त्याच्या नकळत पाहून यायचं, असं मी ठरवलं. (मी एकदा ठरवलं की ठरवलं, फक्त बायकोने, उषाने, मध्ये प्रश्न विचारू नये.) गायत्रीसाठी कामरेजच्या योगराजचं स्थळ आलं होतं. दुकान स्वतःचं, उंची चांगली. पण पोरगा पितो का, उलट बोलतो का, हे बायोडाटात कोण लिहितं? माझी तर एकुलती एक पोर.

आम्ही धरणगावहून सुरतला, बमरोलीत, नवे. ऑफिसातल्या भूपेंद्रभाईंना सल्ला विचारला. ते म्हणाले, "छानामाना जई आवो ने!"

गुजराती मला उत्तम कळतं. छान म्हणजे छान, माना म्हणजे मानानं. मनात म्हटलं, खरंच, थाटात आलेल्या माणसावर कोण संशय घेणार? सफारी चढवला, पुतण्याच्या लग्नातला फेटा बांधला, पेढे घेतले, वर नारळ.

"इतलं नटीसन कोठे चालनात?" उषाने विचारलं.

"गुप्त कामाला," मी म्हणालो.

कामरेजच्या गल्लीत शिरलो न शिरलो तोच कोणीतरी ओरडलं, "लोटूआबा, योगराजना सासरा उना!" शेजारणी जमल्या. योगराज घाईघाईत केस विंचरून असा वाकला, की तोंडाला वास येतो का हे बघायची सोयच राहिली नाही.

कोपऱ्यात जाऊन भूपेंद्रभाईंना फोन लावला.

"अरे साहेब! छानामाना एटले कोईने खबर ना पडे एम!"

मी घाबरून फेटा काढला. (फेटा खिशात मावत नाही.) तशी योगराजचे वडील, लोटूआबा, माझ्याकडे टक लावून पाहू लागले.

"तुमले देखेल शे मी. तुम्ही बमरोलीले त्या घरमा भांडा घासतस ना?"

माझ्या डोळ्यांपुढे मागचा रविवार आला. पाण्याचं मशीन तपासायला म्हणून हाच माणूस आमच्या दारात आला होता. मी फाटक्या बनियनवर कढई घासत होतो. "मालक कोठे शेतस?" त्याने विचारलं. मी वैतागून म्हणालो, "मालक कोठला? आठे मालकीण शे!"

म्हणजे छानामाना हा शब्द यांना नीट कळत होता; तेही आमचं घर बघून गेले होते.

"तो गडी नव्हता," मी म्हणालो. "तो मीच."

लोटूआबा खो खो हसले. "आमना योगराजबी घासस!"

"दाखवा," मी म्हणालो. इतक्या लांब येऊन हात हलवत परतणार नव्हतो.

योगराज मुकाट्याने मोरीपाशी बसला आणि चहाच्या कपबशा घासू लागला. बशीची मागची बाजूसुद्धा! मला भरून आलं. असा पोरगा वाईट असूच शकत नाही. नारळ त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, बाकी गायत्रीला विचारून.

घरी येऊन उषाला सगळं सांगितलं. छानामाना म्हणजे कुणाला कळू न देता, गाजावाजा न करता, हेही नीट समजावलं.

"कळनं," ती म्हणाली. "मंग मोरीमा कढई पडेल शे, ती छानामाना घासी टाका."