तिकीट एकाचं, विमान दुसऱ्याचं
लिंबाजींनी तिकीट पुन्हा एकदा डोळ्यांजवळ नेलं आणि बायकोला हाक मारली. टोरांटोत लेक पंचशीला बाळंत व्हायची होती, म्हणून जावयानं दोघांची हैदराबादहून तिकिटं काढून पाठवली होती. तिकीट एका कंपनीचं होतं, पण खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की विमान दुसऱ्याच कंपनीचं असेल.

"हे कसं काय म्हणावं?" सिंधुबाईंनी विचारलं.

लिंबाजी कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याजवळ दाखला तयार होता. "आपला लातूर जिल्हा नवा झाला तवा नव्हतं का? सायब लातुरात, दप्तर उस्मानाबादेत."

"मंग तवा लोकायनी काय केलं?"

"हेलपाटे घातले."

आता हेलपाट्यांची पाळी त्यांची होती. तिकीटवाल्या कंपनीनं फोनवर सांगितलं, माणशी दोन बॅगा, प्रत्येक तेवीस किलोची; पण विमानवाल्यांना एकदा विचारून घ्या. सिंधुबाई एवढं ऐकूनच कामाला लागल्या. ज्वारीचं पीठ, आमटीसाठी येसर, डिंकाचे लाडू आणि जुन्या लुगड्यांच्या मऊ दुपट्यांची चळत, अशा चार बॅगा भरल्या. त्या मोंढ्यात शेषेरावांच्या आडतीवर तुरीच्या पोत्यांमागून काट्यावर चढल्या. शेषेराव एकदा दुबईला जाऊन आलेले, तेव्हापासून गल्लीतलं विमानाचं खातं त्यांच्याकडेच होतं. त्यांनी सल्ला दिला की वजनाचं सोडा, आधी मेंबर व्हा. जेवढं उडाल तेवढे मैल खात्यावर पडतात, पुढं त्यातून फुकट तिकीट निघतं. लिंबाजी त्याच संध्याकाळी तिकीटवाल्या कंपनीचे मेंबर झाले. नंबर पाठ केला, तरी जीव थाऱ्यावर येईना. विमानवाल्यांना विचारायचं राहिलंच होतं.

त्यांचा फोन लागला तो नेमका टँकर गल्लीत शिरला तेव्हा. त्या उन्हाळ्यात लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं, आणि टँकर चुकला की आठवडा कोरडा. लिंबाजी एका हातात टँकरचा पाइप आणि दुसऱ्या हातात फोन धरून उभे राहिले. पलीकडची बाई म्हणाली, आमच्याकडं माणशी एकच बॅग, तीस किलोची. त्यापुढं ती तिकिटाबद्दल काहीतरी सांगत होती, पण घागरींची आदळआपट एवढी झाली की लिंबाजींना तेवढं तीसच ऐकू आलं.

"चाराच्या दोन बॅगा करा लागतेत," त्यांनी घरात येऊन सांगितलं.

सिंधुबाईंनी लेकीला विचारू म्हटलं. अवघडलेल्या पोरीच्या डोक्याला ताप नको, असं म्हणून लिंबाजींनी ते टाळलं आणि स्वतःच सामान काढायला बसले. पीठ गेलं, लाडू अर्धे झाले. दुपटी तर सगळीच शेषेरावांच्या घरी गेली. तिकडं कपडे मिळतातच की, असं त्यांचं म्हणणं. सिंधुबाई काही बोलल्या नाहीत. हैदराबाद येईपर्यंतही बोलल्या नाहीत.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं बॅगा काट्यावर ठेवल्या आणि दख्खनी हिंदीत समजावलं की तुमच्या तिकिटावर लिहिलेला नियमच चालणार. माणशी दोन बॅगा न्या, पण एकेक तेवीसच्या वर नको. ही तीसची बॅग अशी जाणार नाही.

दुसरी बॅग होती कुठं? शेवटी लिंबाजींनी भर विमानतळावर फरशीवर बसून दोन्ही बॅगा उघडल्या. सिंधुबाईंनी अंगावरची शाल पसरली, जास्तीचं सामान त्यात घातलं आणि करकचून गाठोडं बांधलं. बॅगांना प्लास्टिक गुंडाळणाऱ्या माणसानं त्या गाठोड्यालाही हसत हसत प्लास्टिक गुंडाळलं. अजून कितीतरी सामान मावलं असतं. लिंबाजी तो विचारच मनात येऊ देत नव्हते.

निदान मैल तरी पदरात पडावेत म्हणून त्यांनी मेंबरचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. मुलीनं तपासलं. विमान दुसऱ्याचं असलं की या स्वस्त तिकिटावर तिकीटवाली कंपनी मैल देत नाही, असं तिनं सांगितलं. मग ती सिंधुबाईंकडं वळून म्हणाली, आंटींचे मात्र सगळे मैल जमा होतील. त्यांचं खातं विमानवाल्या कंपनीत आहे.

"तुझं खातं?" लिंबाजींनी बायकोला विचारलं.

"पंचशीलानं काढून ठेवलंय, कवाच," सिंधुबाई म्हणाल्या. दोन दिवसांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं.

विमानात दोघं शेजारी बसले. समोरच्या पडद्यावर छोटंसं विमान समुद्राकडं सरकत होतं. हिशेबानं सिंधुबाई अर्धी पृथ्वी ओलांडणार होत्या आणि लिंबाजी हैदराबादेतच बसून राहणार होते. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "फुकट तिकीट निघालं तर मलाबी नेशील का?"

सिंधुबाईंनी खिडकीतून नजर काढली नाही.

"नेते की. पर बॅगा मी भरीन."